पासवर्ड शेजारीच लिहिलाय, मग ते कुलूप नक्की कोणासाठी आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की भाच्याने यूट्यूबवरच्या एका व्हिडिओखालच्या लिंकवरून व्हिडिओ एडिटिंगचं महागडं सॉफ्टवेअर 'फ्री' म्हणून डाऊनलोड केलं, फाईल शेअरिंग साईटवर ठेवलेली आरएआर (झिपसारखी, अनेक फाईली एकत्र दाबून बांधलेली) फाईल होती, पासवर्ड तिथेच लिहिलेला १२३४, अँटीव्हायरसने स्कॅन केलं तर क्लीन दाखवलं, मग त्याने ती उघडून सेटअप चालवला, दोन सेकंद काळी विंडो आली नि गेली, सॉफ्टवेअर काही इन्स्टॉल झालं नाही, आणि आता तो म्हणतोय की काहीच झालं नाही तर मामा उगाच घाबरतोय. मी लॅपटॉप-डेस्कटॉप दुरुस्ती आणि छोट्या ऑफिसांचं नेटवर्क सांभाळायचं काम करतो, या प्रकारच्या मशीन सतत टेबलावर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी घाईचं. त्या लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि तो तसाच बाजूला ठेवा. त्या लॅपटॉपवरून कुठलाही पासवर्ड बदलू नका, बँकेत लॉगिन करू नका. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या चांगल्या मशीनवरून किंवा मोबाईलवरून, त्याचा क्रम शेवटी सांगतो. 'सेटअप चालवला, काही दिसलं नाही' हे वर्णन ऐकलं की मी चोरी झाली असंच धरून चालतो, आणि तुम्हीही तसंच धरा.

आता 'अँटीव्हायरसने क्लीन दाखवलं' याचा अर्थ काय ते बघू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. पासवर्ड लावलेली आरएआर किंवा सेव्हन-झिप फाईल एईएस नावाच्या पद्धतीने एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद होते. पासवर्ड नसेल तर आतला मजकूर म्हणजे निव्वळ विस्कटलेले बाइट्स, त्यात व्हायरस आहे की लग्नाचे फोटो आहेत हे कुठल्याच प्रोग्रामला सांगता येत नाही. अँटीव्हायरसला तो १२३४ माहीत नसतो, वेब पेजवर जाऊन तो वाचतही नाही. मग तो काय करतो, तर फाईल उघडता आली नाही म्हणून सोडून देतो, आणि बऱ्याच अँटीव्हायरसमध्ये हे 'सोडून दिलं' कुठेतरी लॉगमध्ये बारीक अक्षरात राहतं नि समोर हिरवी टिक येते. म्हणजे तपासून क्लीन आलं असं झालेलंच नाही, तपासणीच झाली नाही. साध्या झिपमध्ये पासवर्ड असला तरी आतल्या फाईलींची नावं दिसतात, त्यामुळे निदान नावावरून काही अंदाज तरी करता येतो, पण आरएआर आणि सेव्हन-झिपमध्ये नावंसुद्धा लपवायची सोय आहे आणि व्हायरस पसरवणारी मंडळी ती वापरतात.

अजून एक, एकाच व्हायरसची फाईल वेगवेगळ्या पासवर्डने, किंवा त्याच पासवर्डने परत पॅक केली तरी बाहेरची फाईल दर वेळी वेगळी तयार होते. त्यामुळे 'ही फाईल वाईट आहे' अशी ओळख यादीत टाकून अडवायची जी जुनी पद्धत आहे ती इथे चालत नाही. गूगल ड्राइव्हवर १०० एमबीच्या वर फाईल असली की 'व्हायरससाठी स्कॅन करता येत नाही' असा इशारा येतो तो तुम्ही पाहिला असेल, तो लोक वाचतही नाहीत, सरळ 'डाऊनलोड एनीवे' दाबतात.

आता मुख्य मुद्दा, आणि मला वाटतं एवढा एक जरी भाच्याच्या डोक्यात बसला तरी पुरे. आपल्याकडे पासवर्ड असलेली फाईल म्हणजे सुरक्षित फाईल अशी सवय लागलेली आहे, आणि त्याला कारणही आहे. बँकेचं स्टेटमेंट पासवर्ड लावून येतं, ई-आधारची पीडीएफ उघडायला नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल टाकावं लागतं, पगाराची स्लिप तशीच. तिथे पासवर्ड असा निवडलेला असतो की तो तुम्हाला माहीत आणि परक्याला सहज कळू नये, म्हणजे परक्याला बाहेर ठेवायला तो आहे. पण ज्या फाईलचा पासवर्ड लिंकच्या शेजारी मोठ्या अक्षरात सगळ्या जगासाठी लिहून ठेवलाय, तो कोणाला बाहेर ठेवतोय? डाऊनलोड करणाऱ्या प्रत्येक माणसाला तो माहीत आहे. माहीत नाही तो फक्त मधल्या स्कॅनरला, म्हणजे ब्राउझरला, साईटच्या तपासणीला, जीमेलला, तुमच्या अँटीव्हायरसला. बॅगेला कुलूप लावून ती मशीनमधून पार करायची आणि पलीकडे तुमच्या हातात किल्ली द्यायची, असा तो प्रकार आहे.

हे मी तर्क लढवून सांगत नाही. व्हायरसचा अभ्यास करणारे लोक एकमेकांना नमुने पाठवतात तेव्हा ते झिपला पासवर्ड लावूनच पाठवतात, आणि वर्षानुवर्षांचा ठरलेला पासवर्ड आहे 'इन्फेक्टेड'. का, तर वाटेत कुठल्या अँटीव्हायरसने ती फाईल उडवू नये आणि चुकून कोणी डबल क्लिक करू नये म्हणून. तीच युक्ती पलीकडचे लोकही वापरतात. इमोटेट नावाचा जो प्रकार ईमेलमधून पसरायचा, २०२० मध्ये तो चालवणाऱ्यांनी पासवर्डवाल्या झिप मोठ्या प्रमाणावर पाठवल्या आणि पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहिलेला असायचा. मग काही ईमेल फिल्टर मजकुरातून पासवर्ड शोधून झिप उघडून बघायला लागले, तर पासवर्ड चित्र म्हणून टाकलेल्या ईमेल यायला लागल्या, म्हणजे माणसाला वाचता येईल पण मशीनला सहज येणार नाही. गूगलनेही २०२४ च्या जुलैमध्ये क्रोममध्ये सोय आणली, की एन्हान्स्ड प्रोटेक्शन चालू असेल आणि संशयास्पद पासवर्डवाली फाईल आली तर ब्राउझर तुमच्याकडेच पासवर्ड मागतो आणि फाईल नि पासवर्ड दोन्ही तपासायला पाठवतो. एवढ्या मोठ्या कंपनीला तुमच्याकडे पासवर्ड मागावा लागतो, यावरून समजा की पासवर्डशिवाय आत डोकावायचा दुसरा मार्ग नाही.

पण प्रत्येक पासवर्डवाल्या फाईलमध्ये व्हायरस असतोच असं मी म्हणणार नाही, ते खरं नाही. फोटो स्टुडिओवाल्यांना माहीत असेल, करिझ्मा अल्बमच्या १२ बाय ३६ च्या पीएसडी (फोटोशॉपच्या तयार डिझाइन फाईली) देणाऱ्या साईट्स असतात, त्यातले बरेच जण आरएआरला आपल्या साईटचं नाव पासवर्ड म्हणून लावतात, जाहिरात व्हावी म्हणून. पायरेटेड पिक्चर आणि पुस्तकं टाकणारे पासवर्ड लावतात कारण साईटने आत काय आहे ते बघून कॉपीराइटखाली फाईल काढून टाकू नये. यांचा हेतू तुम्हाला लुटायचा नसेलही. अडचण अशी की बाहेरून ही फाईल आणि ती फाईल अगदी सारखी दिसते, तोच फोल्डर, तीच साईट, तसाच पासवर्ड, आणि वेगळं ओळखायला जे साधन आहे त्याचेच डोळे पासवर्डने बांधलेले. 'मी दहा वेळा घेतली, काही झालं नाही' असं सांगणारे खोटं बोलत नसतात, पण अकराव्या फाईलबद्दल त्यावरून काही कळत नाही.

आता आत काय असतं ते एक उदाहरण घेऊन दाखवतो. मध्यंतरी एक अशीच आरएआर माझ्याकडे आली, बाहेरून जेमतेम दहा-बारा एमबी. उघडल्यावर आत एक सेटअप, आणि त्याचा आकार सातशे एमबीच्या वर! शंका आली म्हणून हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाईलमधले कच्चे बाइट्स दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडून पाहिलं, सुरुवातीला थोडासा खरा प्रोग्राम आणि त्यानंतर शेवटपर्यंत शून्यच शून्य, स्क्रोल करत राहिलो तरी शून्य. शून्यं दाबून पॅक केली की त्यांना जागाच लागत नाही, म्हणून बाहेर बारा एमबी नि आत सातशे. हे कशासाठी, तर बरेच अँटीव्हायरस वेग टिकवायला मोठ्या फाईली पूर्ण तपासत नाहीत, आणि व्हायरसटोटल या अनेक अँटीव्हायरसनी एकदम तपासून देणाऱ्या साईटवर ६५० एमबीपेक्षा मोठी फाईल चढवताच येत नाही. म्हणजे बाहेर पासवर्ड आणि आत फुगवलेला आकार, दोन्ही स्कॅनरला चुकवायलाच. सोबत एक नोटपॅडची फाईल असते, त्यात लिहिलेलं असतं की इन्स्टॉल करायच्या आधी डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) बंद करा, क्रॅक असल्यामुळे अँटीव्हायरस चुकून पकडतो. हे वाक्य फार घातक आहे कारण त्यात थोडं तथ्य असतं, क्रॅक-कीजेन, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडणारे नि खोटी की बनवणारे प्रोग्राम, खरंच कधीकधी उगाच पकडले जातात, आणि त्या अर्ध्या सत्याच्या आधाराने माणूस स्वतःच्या हाताने शेवटचा पहारा उठवतो. पासवर्ड टाकून फाईल उघडल्यानंतर तिथेच तर डिफेंडरला पहिल्यांदा आतलं बघायला मिळणार असतं, आणि नेमका त्याच क्षणी तो बंद.

काळी विंडो येऊन गेली, सॉफ्टवेअर आलं नाही, हे स्टीलर नावाच्या प्रकाराचं अगदी नेहमीचं लक्षण आहे. रेडलाइन, रकून, विडार, लुमा ही त्यातली गाजलेली नावं. त्यांना तुमच्या मशीनवर ठाण मांडून बसायचं नसतं. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, कुकीज, ऑटोफिलमधले पत्ते नि कार्डाचे तपशील, क्रिप्टो वॉलेट, टेलिग्राम डेस्कटॉप आणि डिस्कॉर्डचं लॉगिन, डेस्कटॉपवरच्या काही फाईली, हे सगळं गोळा करून एक पाकीट करायचं आणि पाठवून द्यायचं, याला मिनिटभरही पुरतं, आणि बरेचसे त्यानंतर स्वतःला पुसूनही टाकतात. म्हणून दुसऱ्या दिवशी स्कॅन केलं नि काही सापडलं नाही यावर समाधान मानू नका. चोर निघून गेल्यावर घर रिकामंच सापडणार.

यात कुकीजचा भाग लोकांना समजत नाही म्हणून जरा थांबतो. तुम्ही जीमेलला लॉगिन केलंत, ओटीपी टाकलात, की साईट ब्राउझरला एक टोकन देते, म्हणूनच दर वेळी परत लॉगिन करावं लागत नाही. ते टोकन दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये बसवलं तर साईटला वाटतं तुम्हीच आहात, पासवर्डही नको आणि ओटीपीही नको. म्हणजे 'माझं टू-स्टेप चालू आहे' हा आधार इथे पुरत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये लायनस टेक टिप्स हा कॉम्प्युटरवरचाच प्रचंड मोठा यूट्यूब चॅनल असाच गेला होता, त्यांच्या टीममधल्या कोणीतरी स्पॉन्सरशिपची ऑफर समजून पीडीएफसारखी दिसणारी फाईल उघडली, सेशन टोकन चोरीला गेलं आणि चॅनलवर क्रिप्टोचे बनावट लाइव्ह व्हिडिओ सुरू झाले. ज्यांचा धंदाच कॉम्प्युटर, त्यांच्याकडे हे झालं, त्यामुळे भाच्याला रागावण्यात अर्थ नाही. क्रोमने जुलै २०२४ मध्ये १२७ व्या आवृत्तीपासून कुकीजना ॲप-बाउंड एन्क्रिप्शन नावाचं जादा संरक्षण दिलं, पण काही महिन्यांतच स्टीलरवाल्यांनी त्यातूनही वाट काढली.

व्याप्ती किती म्हणाल तर मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये लुमावर कारवाई केली तेव्हा सांगितलं की १६ मार्च ते १६ मे या दोन महिन्यांत जगभरात ३,९४,००० च्या वर विंडोज मशीनमध्ये तो सापडला. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये डच पोलिसांनी बाकी देशांच्या मदतीने रेडलाइन आणि मेटा (फेसबुकवाली कंपनी नव्हे, याच नावाचा दुसरा स्टीलर) यांचे सर्व्हर ताब्यात घेतले होते. एक बंद पडला की दुसरा येतो, कारण हे भाड्याने मिळतं, महिन्याचे पैसे भरून कोणीही चालवू शकतो, आणि पसरवायला पासवर्डवाली आरएआर नि यूट्यूबची लिंक पुरते.

स्टीलर दिसत नाही, पण दुसरा प्रकार दिसतो आणि तो बघताना पोटात कालवतं. एका स्टुडिओवाल्यांचा लॅपटॉप आला होता, ऐन लग्नसराईत. पीएसडीचा सेट म्हणून आरएआर घेतली, आत पीएसडीबरोबर एक छोटा प्रोग्राम होता, तो चालवला. स्क्रीनवर विंडोज अपडेट चालू असल्यासारखी विंडो आली म्हणून ते चहा प्यायला गेले. परत येऊन बघतात तर प्रत्येक फोटोच्या नावापुढे एक चार अक्षरी शेपूट लागलेलं, एकही उघडेना, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची टेक्स्ट फाईल, ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर ४९०. हा स्टॉप-डीजेव्हीयू, क्रॅक आणि कीजेनच्या जोडीने येणारा रॅन्समवेअर, म्हणजे फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रकार, घरगुती मशीनवर सगळ्यात जास्त आढळणाऱ्यांपैकी. ती अपडेटची विंडो खोटी असते, तेवढा वेळ तुम्ही मशीनला हात लावू नये म्हणून. विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रती, म्हणजे शॅडो कॉपी, तो पुसतो, त्यामुळे 'प्रिव्हियस व्हर्जन'मध्ये काही मिळत नाही, आणि होस्ट्स फाईलमध्ये सिक्युरिटी साईट्सची नावं टाकून ठेवतो म्हणजे तुम्ही मदत शोधायला गेलात तर साईट उघडू नये. एमसिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये यावर मोफत डिक्रिप्टर (कुलूप उघडणारा प्रोग्राम) काढला, पण तो जुन्या व्हेरियंटना आणि नशिबाने ऑफलाइन की (नेट नसताना वापरली जाणारी, सगळ्यांना सारखी किल्ली) वापरली गेली असेल तरच नव्यांना चालतो. त्यांच्या केसमध्ये चालला नाही. थोडंफार वाचलं ते वेगळ्या कारणाने, हा प्रकार वेगासाठी मोठ्या फाईलचा फक्त सुरुवातीचा साधारण दीडशे केबी भाग खराब करतो, म्हणून त्याच कॅमेऱ्याचा चांगला व्हिडिओ नमुन्याला घेऊन एमपी-फोरची सुरुवात परत बांधता आली. छोट्या जेपीजींचं मात्र काही करता आलं नाही, आणि त्यात दुसऱ्यांच्या घरची लग्नं होती, पैसे परत देऊन भागत नाही ते. बॅकअपची हार्ड डिस्क लॅपटॉपला लावलेलीच होती, तीही गेली. डिस्क काम झालं की काढून ठेवा, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो आणि परत इथेही सांगतो.

आता थोडं उघडणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, कारण लोक समजतात की आतली ईएक्सई चालवली नाही तर नुसतं उघडायला काय हरकत. विनरार आपोआप अपडेट होत नाही, वर्षानुवर्षं जुनंच पडून असतं. २०१९ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने त्यात एक भोक शोधलं जे १९ वर्षं तसंच होतं, फाईल नुसती एक्स्ट्रॅक्ट केली तरी विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये हवा तो प्रोग्राम जाऊन बसायचा. २०२३ मध्ये दुसरं सापडलं, आर्काइव्हमधल्या फोटोवर डबल क्लिक केलं की फोटोऐवजी त्याच नावाच्या फोल्डरातली स्क्रिप्ट चालायची, ते ६.२३ मध्ये बुजवलं, पण तोवर शेअर-क्रिप्टो ट्रेडिंग करणाऱ्यांवर ते काही महिने वापरून झालं होतं. २०२५ च्या जुलैअखेरीस ७.१३ आलं तेही अशाच वापरात असलेल्या भोकासाठी. सेव्हन-झिपलाही २४.०९ मध्ये एक दुरुस्ती करावी लागली, आणि तिची गोष्ट जरा समजून घेण्यासारखी आहे. नेटवरून आलेल्या फाईलला विंडोज मागे एक खूण लावतं, त्या खुणेमुळेच 'ही फाईल अनोळखी आहे' असा स्मार्टस्क्रीनचा निळा इशारा येतो. आरएआरला खूण असते, पण आतून काढलेल्या फाईलला ती पुढे लागेलच असं नाही, ते सॉफ्टवेअरवर आणि सेटिंगवर अवलंबून. खूण नसेल तर इशाराही नाही. तेव्हा विनरार किंवा सेव्हन-झिप जे वापरत असाल त्याची आवृत्ती आजच बघा आणि त्यांच्या मूळ साईटवरूनच नवीन घ्या, कारण विनरारच्या नावाने पण बनावट साईट्स असतात.

आणि विंडोजमध्ये फाईलचं एक्सटेन्शन दाखवायचं सेटिंग चालू करा, ते मुळात बंद येतं. एमपीएससी नोट्स म्हणून घेतलेल्या फोल्डरात पीडीएफचं चित्र असलेली फाईल दिसते, नावाच्या शेवटी पीडीएफ लिहिलेलंही असतं, आणि एक्सटेन्शन चालू केल्यावर कळतं की त्यापुढे अजून एक ईएक्सई किंवा एससीआर आहे. नोट्स, गाणी, पुस्तक, फॉन्ट घ्यायला गेलात आणि आत ईएक्सई, एमएसआय, एससीआर, बॅट, व्हीबीएस, जेएस, एलएनके किंवा आयएसओ असं काही निघालं तर तिथेच थांबा. पुस्तक चालवायला सेटअप लागत नाही.

काही वेळा फाईल खरंच हवी असते, जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर दुसरीकडे कुठे मिळत नाही वगैरे, तेव्हा काय करायचं. एक्स्ट्रॅक्ट करायच्या आधी आतली यादी बघा. डिफेंडर चालू ठेवून वेगळ्या रिकाम्या फोल्डरात काढा. व्हायरसटोटलवर टाकायची तर आतली फाईल टाका, बंद आरएआर टाकून शून्य आलं तर त्याला काही अर्थ नाही, आणि स्वतःची कागदपत्रं तिथे चढवू नका कारण तिथे टाकलेल्या फाईली इतर कंपन्यांना मिळतात. ईएक्सईच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचरचा टॅब बघा, नामांकित कंपनीचं सॉफ्टवेअर म्हणतायत आणि सहीच नसेल तर विषय संपला. विंडोज प्रो असेल तर विंडोज सँडबॉक्स चालू करता येतो, बंद केला की आतलं सगळं पुसलं जातं, होम आवृत्तीत तो मिळत नाही. पण सँडबॉक्समध्ये काही झालं नाही म्हणून बाहेर बिनधास्त चालवू नका, बरेच व्हायरस आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे ओळखून गप्प बसतात. पासवर्डसाठी आधी सर्व्हे भरा, ॲप टाका, टेलिग्रामला जॉइन व्हा असं सांगणारी फाईल असेल तर सरळ डिलीट, त्यातल्या बऱ्याच आर्काइव्हमध्ये आत काही नसतंच, तुम्हाला त्या सर्व्हेपर्यंत आणणं हाच त्यांचा धंदा.

मोबाईलवर ईएक्सई चालत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, तिथे एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची इन्स्टॉल फाईल, आहे. आरटीओ चलन, लग्नपत्रिका अशा नावाने व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एपीके एसएमएस वाचायची परवानगी घेतात आणि ओटीपी पळवतात.

मुलांना नुसतं 'क्रॅक वापरू नको' म्हणून चालत नाही, त्यांना काम शिकायचं असतं आणि परवाना परवडत नाही हे मला पूर्ण कळतं. व्हिडिओ एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती खरोखर व्यावसायिक कामाला पुरते. फोटोला गिम्प, चित्रं काढायला क्रिटा, कोरलसारख्या कामाला इंकस्केप, पेज लावायला स्क्रायबस, थ्रीडीला ब्लेंडर, ऑफिसला लिब्रेऑफिस. ऑटोकॅड लागत असेल तर ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी मोफत देतं, कॉलेजचा पुरावा द्यावा लागतो. मराठी फॉन्टसाठी तर आरएआर शोधत फिरायची आता गरजच नाही, मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू गूगल फॉन्ट्सवर मोफत आणि कायदेशीर आहेत. शाळेची पुस्तकं बालभारतीच्या साईटवर पीडीएफमध्ये मिळतात, एमपीएससीच्या जुन्या प्रश्नपत्रिका आयोगाच्या स्वतःच्या साईटवर आहेत.

आता तुमच्या भाच्याचा लॅपटॉप. दुसऱ्या मशीनवरून आधी त्याचं मुख्य ईमेल, कारण बाकी सगळ्याचे पासवर्ड तिथून रीसेट होतात. पासवर्ड बदला, आणि नुसता बदलून थांबू नका, गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये 'युवर डिव्हाइसेस' मध्ये जाऊन सगळीकडून साइन आउट करा, तेव्हाच चोरलेलं टोकन मरतं. रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल त्याचाच आहे ना ते बघा, जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा, तिथे गुपचूप एखादा नियम टाकून ठेवतात म्हणजे बँकेच्या ईमेल तुम्हाला दिसू नयेत. मग नेटबँकिंग, इन्स्टाग्राम-फेसबुक, शॉपिंगच्या साईट्स, जे जे त्या ब्राउझरमध्ये सेव्ह होतं ते सगळं. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' आणि टेलिग्राममध्ये 'डिव्हाइसेस' उघडून अनोळखी काढून टाका. त्या लॅपटॉपवर त्याच्या आईने किंवा वडिलांनी कधी बँक उघडली असेल तर त्यांचेही पासवर्ड यात आले. कार्ड ब्राउझरमध्ये सेव्ह असेल तर बँकेला सांगून ब्लॉक करा. पैसे गेलेले दिसले तर एक क्षण न थांबता १९३० ला फोन, जितका लवकर कराल तितकी रक्कम वाटेत अडवली जायची शक्यता जास्त, आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार.

लॅपटॉपवर मी स्वतः स्कॅनवर भागवणार नाही, नव्याने विंडोज टाकेन. बघायचंच असेल तर डिफेंडरच्या सेटिंगमध्ये 'एक्सक्लूजन्स'ची यादी उघडा, तिथे अख्खा सी ड्राइव्ह किंवा एखादं अनोळखी फोल्डर वगळलेलं दिसलं तर तो प्रोग्राम काय करून गेला ते डोळ्यांनीच दिसेल. फोटो, डॉक्युमेंट, प्रोजेक्टच्या फाईली कॉपी करून घ्या, ईएक्सई आणि आरएआर एकही नको. विंडोजचा पेनड्राइव्ह चांगल्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून बनवा आणि इन्स्टॉल करताना जुनी पार्टिशन उडवून मग टाका.

आणि भाच्याला एक विचारा, ती आरएआर त्याने होस्टेलवर कोणाला पेनड्राइव्हने दिली का किंवा ग्रुपवर लिंक टाकली का. तो बारावीचा किंवा कॉलेजचा असेल तर बहुतेक टाकलेली असते. ज्यांना दिली त्यांना मेसेज नको, फोन करायला सांगा, आणि ज्याने सेटअप चालवला असेल त्याला आजच ईमेलचा पासवर्ड मोबाईलवरून बदलून सगळीकडून साइन आउट करायला सांगा.